जॉब भंगारात जाण्याआधी: फिटर ट्रेडच्या डिजिटल पोर्टफोलिओच्या प्रकल्प नोंदी, ठाणे

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवीन वही, नवीन प्रकल्प. मी ठाण्यात आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते, म्हणजे लोखंडाचे भाग मापात घासून एकमेकांत बसवायचं काम. हे का करतोय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मार्चमध्ये थकवा आला की हेच पान उघडता येईल.

डिसेंबरात स्टोअर आवरताना मागच्या बॅचचे जॉब, म्हणजे मुलांनी वर्कशॉपमध्ये बनवलेले लोखंडी नमुने, पोत्यांत भरले. टी-फिटिंग, डोव्हटेल, व्ही-ब्लॉक, गेज. प्रत्येकावर रोल नंबर पंच केलेला. अंतर्गत मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायचे असा नियम आहे, आणि तो आम्ही पाळतो. परीक्षा आटोपली की त्या जॉबना कुणी वाली राहत नाही. काही पुढच्या मुलांना सरावासाठी कापायला जातात, बाकीचे किलोवर. एका मुलीनं अकरा दिवस व्हाइससमोर, म्हणजे जॉब पकडणाऱ्या शिकंज्यासमोर, उभं राहून घासलेली टी-फिटिंग मी स्वतःच्या हातानं पोत्यात टाकली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याचा पोर्टफोलिओ, म्हणजे त्याच्या कामाचा संग्रह, संस्थेनं ठेवायचा, असंही आमच्या अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. तो ठेवलेला आहे. कपाटात, वर्षवार, दोरीनं बांधलेला. म्हणजे मुलानं दोन वर्षं काय केलं याचा पुरावा आमच्याकडे, आणि मूल मुलाखतीला जातं ते गुणपत्रिका आणि सायबर कॅफेतून काढलेला बायोडेटा घेऊन. त्या बायोडेटात छंद म्हणून ‘क्रिकेट खेळणे’ आणि ‘गाणी ऐकणे’. दोन वर्षांच्या घामाचा त्यात एक शब्द नाही.

यंदाच्या दुसऱ्या वर्षाला वीस जण आहेत, सतरा मुलगे आणि तीन मुली. जुलैच्या परीक्षेआधी वीसही जणांकडे स्वतःचा डिजिटल पोर्टफोलिओ असला पाहिजे. प्राचार्यांनी शनिवारचे शेवटचे दोन तास दिले आहेत. पैसे मागितले नाहीत, लागणारही नाहीत.

९ जानेवारी

वर्गात हात वर करायला सांगून मोजलं. स्वतःचा स्मार्टफोन अठरा जणांकडे. दोघींचा फोन घरात सामाईक, एकीचा भावाबरोबर, एकीचा आईबरोबर. लॅपटॉप वीसांत एकाकडे. आयटी लॅबमध्ये चालू स्थितीतले सहा कॉम्प्युटर.

कुठे बनवायचं यावर घरी बराच वेळ घालवला. प्रोग्रॅमरसाठी २००८ पासून गिटहब आहे. चित्रं आणि डिझाइन करणाऱ्यांसाठी २००५ पासून बिहान्स आहे. लिंक्डइन सगळ्यांसाठी, तेही २००३ पासून. पण प्रोग्रॅमरचं काम मुळातच कॉम्प्युटरवर जन्मतं, त्याला ते फक्त उघडं करायचं असतं. फिटरचं काम लोखंडात असतं. ते आधी उचलून फोनमध्ये आणावं लागतं, आणि आणताना त्यातलं नेमकं काय आणायचं हे ठरवावं लागतं. आमचा अर्धा प्रकल्प तिथेच आहे.

११ जानेवारी, शनिवार

गूगल साइट्सवर प्रयोग केला. दिसायला सुरेख, फुकट, मुलं खूश. पण पानात बदल करायचा तर कॉम्प्युटर हवा, फोनवरून ते होत नाही. सहा कॉम्प्युटर आणि वीस मुलं, त्यातून पास झाल्यावर तेही नाहीत. ज्याला पोर्टफोलिओत नवीन काम घालायला पुन्हा संस्थेत यावं लागेल, त्याचा पोर्टफोलिओ आजच्या तारखेलाच गोठला. साइट्स बाद.

त्याऐवजी गूगल स्लाइड्स. फोनवर अ‍ॅप चालतं, एक जॉब म्हणजे एक स्लाइड, तिथूनच पीडीएफ निघते, आणि आत कितीही बदल केले तरी लिंक तीच राहते. दिसायला साधं आहे. चालेल.

खातं कुणाचं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पूर्वी मी दुसरीकडे शिकवत होते तिथे अशाच एका उपक्रमात मुलांना संस्थेच्या नावाचे ईमेल दिले होते. सगळं काम त्यावर. मुलं पास झाली आणि काही महिन्यांनी खाती बंद झाली. एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीत बसून लिंक उघडत होता आणि समोर ‘खातं सापडलं नाही’ असं येत होतं. त्यानं मला तिथूनच फोन केला. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. तेव्हा यावेळी पहिल्या दिवसापासून प्रत्येकाचं स्वतःचं जीमेल. मी फक्त पाहुणी म्हणून एडिटर, जुलैपर्यंत.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली, आज डब्यातले तिळगूळ वाटून झाल्यावर फोटोचा पहिला तास.

मुलांनी पहिले फोटो काढले ते फ्लॅश मारून. पॉलिश केलेल्या एमएसवर (माइल्ड स्टील) फ्लॅश पडला की पांढरा डाग उमटतो आणि कड दिसतच नाही. जॉब चमकतो खरा, पण फिटरला चमक दाखवायची नसते, कड दाखवायची असते. मग वर्कशॉपच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली टेबल ओढलं. खाली मळकट हिरवा ड्रॉइंग बोर्ड होता तो काढून पांढरा कार्डशीट. खिडकीच्या काचेला ट्रेसिंग पेपर चिकटवला, उजेड मऊ झाला. जॉबशेजारी स्टीलची पट्टी, म्हणजे आकार कळतो. पंच केलेला रोल नंबर फोटोत दिसलाच पाहिजे, ही अट. दुसऱ्याच्या जॉबचा फोटो लावायचा मोह होतो. आजच एकाचा झाला. त्याला रागावले नाही, त्याचा स्वतःचा जॉब शोधून हातात दिला.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. नाहीतर तो दाबला जातो आणि कानशीच्या रेघा पुसट होतात.

२५ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

प्रत्येकानं आपला सर्वांत चांगला जॉब निवडून आणायचा होता. कळव्याहून येणारा एक मुलगा दोन टी-फिटिंग घेऊन आला. एक पहिल्या वर्षीची पहिली, एक नंतरची. म्हणाला, “मॅडम, पहिली लपवून ठेवली होती, टाकवली नाही.” टी-फिटिंग म्हणजे एका तुकड्यात टी आकाराची खाच आणि दुसऱ्यात तसाच टी. दोन्ही हातानं घासून असे बसवायचे की मापात ०.०४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. केसाच्या जाडीपेक्षा कमी.

त्यानं दोन्ही जोड्या ट्यूबलाइटसमोर धरल्या. नव्या जोडीतून उजेड आला नाही. जुनीत डाव्या कोपऱ्यातून एक बारीक पांढरी रेघ आली, जणू दाराखालची फट. वर्गातली गडबड थांबली. मी विचारलं, “का आली ही?” त्यानं जरा विचार करून सांगितलं: ब्ल्यू, म्हणजे दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग, जाड लागला होता. प्रुशियन ब्ल्यू चोपडला की सगळीकडे डाग उमटतात आणि जॉब सगळीकडे टेकतोय असं वाटतं. म्हणून त्यानं कोपरा घासलाच नाही. नंतर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घातली तर ०.०५ ची पाती आत गेली. दुसऱ्या वेळी ब्ल्यू बोटानं पुसून जवळपास काढूनच टाकला, अगदी सावली उरेल इतका. मग खरा उंचवटा दिसला.

हे तो दोन मिनिटांत बोलला. त्याच्या चाळीस पानी जर्नलमध्ये हे कुठेच नाही. जर्नलमध्ये आकृती आहे, कृती आहे, आणि प्रत्येक जॉबखाली ‘निष्कर्ष: जॉब दिलेल्या मापात तयार झाला’ हे एकच वाक्य आहे. बाकी एकोणीस जणांच्या जर्नलमध्येही तेच.

इथून पुढे आमच्या पोर्टफोलिओचा नियम: प्रत्येकानं निदान एक चुकलेला जॉब लावायचा, चुकीचं कारण आपल्या शब्दांत सांगायचं आणि शेजारी सुधारलेला जॉब ठेवायचा. नुसते चकाचक फोटो नकोत. चांगला जॉब हातात असला तर मुलगा काम करू शकतो एवढं कळतं. फट का आली हे सांगता आलं तर मुलगा पुढेही शिकेल हे कळतं. कारखान्याला या दोनांतली दुसरी गोष्ट हवी असते, असं मी कारखान्यातली माझी सहा वर्षं आठवून लिहिते आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

बरीच मुलं चुकलेले जॉब लावायला तयार नाहीत. “साहेब काय म्हणतील?” हा प्रश्न किमान दहा जणांचा. बरोबर आहे. शाळेपासून चूक म्हणजे लाल रेघ.

सावरकरनगरच्या एका मुलानं मदत केली, त्याच्याही नकळत. त्याचे आजोबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. एमआयडीसी १९६२ ची, आणि वागळे ही तिची सुरुवातीची वसाहत. ठाण्यातल्या कित्येक घरांची चूल त्या भोंग्यावर पेटली. आजोबांनी अप्रेंटिस असताना बनवलेला हाताएवढा क्लॅम्प अजून घरच्या शोकेसमध्ये आहे, पितळी गणपतीच्या शेजारी. मुलानं तो आणला. स्क्रूचे आटे एका जागी किंचित खाल्लेले. आजोबा पाहुण्यांना क्लॅम्प दाखवताना दरवेळी नेमकी तीच जागा दाखवतात म्हणे, आणि डाय (स्क्रूवर आटे पाडायचं हत्यार) तिरकी कशी बसली होती ते सांगतात.

वर्गात क्लॅम्प हातोहात फिरला. त्यानंतर चुकलेले जॉब यायला लागले. पाच जणांकडे चुकलेला जॉबच उरला नव्हता, भंगारात गेला होता. त्यांनी चूक आठवून ती हातानं कागदावर काढली. तेही चालेल.

१५ फेब्रुवारी

काय लावायचं नाही, याची चर्चा. आधार क्रमांक नाही, घरचा पत्ता नाही, जन्मतारीख नाही, जात नाही. बायोडेटात हे सगळं लिहायची सवय इतकी मुरलेली आहे की सात जणांनी पहिल्याच स्लाइडवर आधारचा फोटो टाकला होता. लिंक एकदा गेली की ती कुणाकडे पोचेल यावर आपला ताबा नसतो. घरी काढलेल्या फोटोंत ठिकाणाची माहितीही दडलेली असू शकते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद केली. अठराच्या आतले चार जण आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा तो बालकच, म्हणून त्यांच्या पालकांना बोलावून नीट समजावलं आणि लेखी संमती घेतली. एका मुलीच्या आईनं विचारलं, “चेहरा लावायलाच हवा का?” नाही. हात दिसले की पुरे. मग सगळ्यांनीच हातांचे फोटो लावायचे ठरवलं आणि ते जास्त छान दिसतायत.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. योगायोगानं आजचा तास भाषेवरच गेला.

स्लाइडखाली चार ओळी लिहायच्या होत्या. अकरा जणांनी एआयला सांगून इंग्रजी परिच्छेद आणले. एकसारखे गुळगुळीत. ‘मी निकालाभिमुख आणि ध्येयवेडा फिटर आहे’ अशा अर्थाचे. अकरांतल्या एकालाही ते मोठ्यानं वाचून अर्थ सांगता आला नाही. एआय वापरायला माझी हरकत नाही, मी स्वतः ड्रॉइंगच्या सूचना त्याच्याकडून तपासून घेते. पण मुलाखतीत समोरचा याच ओळींवर बोट ठेवणार आहे.

मग फोन हातात घेऊन मराठी व्हॉइस टायपिंग लावलं. जॉब समोर ठेवा आणि धाकट्या भावाला सांगताय असं बोला. वर्कशॉपभर वीस जण आपापल्या जॉबशी बोलत होते. जे उतरलं त्यात हॅकसॉ, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), रीमर, अलाउन्स हे शब्द जसेच्या तसे आणि बाकी सगळं घरचं. एकानं लिहिलं: ‘टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं फिरवायचं असतं, मी सरळ फिरवत गेलो, कीस अडकला आणि टॅप मोडला.’ हे वाक्य कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला लगेच कळेल. वर जॉबचं नाव आणि माप इंग्रजीत, खाली हकिगत मराठीत, असं ठरलं. बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला पाठवायचं झालं तर त्याच हकिगतीचं इंग्रजी करू, पण आधी मूळ हकिगत हवी.

११ मार्च, मंगळवार

वर्षाला दीडशे तासांचं ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष कामावर शिकणं, सक्तीचं आहे, नाहीतर गट-प्रकल्प. त्यासाठी चौघांना घेऊन रबाळ्याच्या एका कारखान्यात गेले. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी, दिघा गाव, ऐरोली, मग रबाळे. गाडीत चौघं आपापल्या स्लाइड्स एकमेकांना दाखवत होते.

गेटवर सुरक्षारक्षकानं निळा क्रेट पुढे केला. फोन आत नेता येत नाही. टोकन मिळालं, फोन क्रेटमध्ये गेले, त्याबरोबर चारही पोर्टफोलिओ.

आत मेंटेनन्सच्या साहेबांनी विचारलं, “काय काय काम केलंय?” मुलं म्हणाली, “फोनमध्ये आहे.” साहेबांचा स्वतःचा फोन टेबलावर होता, पण लिंक कुणाला पाठ असते? माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असती तरी भागलं असतं. कळव्याचा मुलगा हवेत हात हलवून टी-फिटिंग समजावत राहिला. साहेब सभ्य होते, ऐकून घेतलं, पुन्हा या म्हणाले.

परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. टीटीसी या इथल्याच औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात मी स्वतः काम केलंय, फोन गेटवर ठेवलेला आहे.

१२ मार्च

उपाय: कागद. ए-फोर आकाराचं एक पान, चार फोटो, चार ओळी, कोपऱ्यात क्यूआर कोड. फोन गेटवर राहिला तरी कागद आत जातो, आणि स्कॅन समोरच्याच्या फोननं होतो.

कोड बनवून देणाऱ्या फुकट वेबसाइट टाळल्या. काहींचा कोड आधी त्यांच्याच पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या लिंकवर. त्यांनी मुदत संपवली की छापलेला कागद मुका. फोनवरचा क्रोम शेअरच्या यादीतून थेट लिंकचाच कोड काढून देतो. मधे छोटा डायनासोर येतो, तरी वाचला जातो, कारण क्यूआर कोडचा काही भाग झाकला किंवा मळला तरी उरलेल्यावरून मजकूर काढायची सोय त्यात असते. सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्क्यांपर्यंत.

मुलांना हे सांगताना मला खरंच आनंद झाला: क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये जन्मला, गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. मासाहिरो हारा या इंजिनिअरच्या चमूनं तो केला. आज भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे घ्यायला लटकतो तो कोड मूळचा कारखान्यातला, तेलकट हातांसाठी बनवलेला. एका मुलीनं लगेच छापील पानावर ग्रीसचं बोट उमटवून स्कॅन करून बघितलं. झालं.

२२ मार्च, शनिवार

लिंक तपासणी. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या फोनवर, इनकॉग्निटो खिडकीत, आपली लिंक उघडायची. वीसांपैकी नऊ उघडल्या नाहीत, ‘परवानगी मागा’ असं आलं. स्वतःच्या फोनवर नेहमी उघडते म्हणून कुणाला कळलंच नव्हतं. लिंक असलेल्या कुणालाही फक्त पाहता येईल, असं सेटिंग केलं. तरी सहा जणांचे व्हिडिओ काळे. व्हिडिओ ड्राइव्हमध्ये वेगळा असतो आणि त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. तीही दिली.

३ एप्रिल

पुन्हा रबाळे, तोच कारखाना, तेच चौघं, हातात कागद.

साहेबांनी आधी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर लिंक टाकून बघितली, कंपनीच्या नेटवर्कवर ड्राइव्ह बंद. मग फोननं स्कॅन केलं. कळव्याच्या मुलाच्या पहिल्या तीन स्लाइड अंगठ्यानं भराभर सरकवल्या. चौथीवर थांबले. फटीचा फोटो. खालच्या ओळी वाचल्या, मग मान वर करून विचारलं, “ब्ल्यू किती लावायचा मग?” मुलगा म्हणाला, “लावल्यासारखा वाटू नये इतका.” साहेब हसले आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून फोन दाखवला.

ऐरोली गावातल्या मुलीला पहिला प्रश्न आला तो शिफ्टचा, घरचे सोडतील का. तिनं उत्तर दिलं आणि म्हणाली, “सर, व्हिडिओ बघता का?” वीस सेकंदांचा आहे. डोव्हटेलचा (कबुतराच्या शेपटीच्या आकाराची जोडणी) नर भाग खाचेत सरकतो, मधे कुठे अडत नाही, मग ती जोडी उचलून खिडकीकडे धरते, उजेड येत नाही. आवाज फक्त लोखंडाचा. साहेबांनी तो दोनदा बघितला. त्यानंतर शिफ्टचा विषय निघाला नाही.

चौघांनाही घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

महापालिकेच्या शाळेत शिकवणारी मैत्रीण आज तास बघायला आली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपुस्तक सर्वांगीण असावं, त्यात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन, प्रकल्प, पोर्टफोलिओ हे सगळं यावं, असं म्हटलं आहे. तिचा प्रश्न होता की सातवीच्या चाळीस मुलांचं हे करायचं कसं. मी म्हटलं, चाळीस नको, प्रत्येकाची वर्षाला तीन कामं घे, पण मुलानं निवडलेली, आणि का निवडली ते त्याच्या तोंडून. ती आमच्या मुलांना एकमेकांच्या स्लाइड तपासताना बराच वेळ बघत होती. “तुझ्या फोटोत पट्टी उलटी आहे, माप वाचता येत नाही,” असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

प्राचार्यांनीही विचारलं की डिजिलॉकर असताना हे कशाला. डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि फार उपयोगाचं आहे. तिथली गुणपत्रिका मूळ कागदाइतकीच ग्राह्य, हरवत नाही, खोटी करता येत नाही. सगळ्यांची खाती उघडून घेतली आहेत. पण गुणपत्रिका सांगते की मुलगा पास झाला. टॅप का मोडला ते ती सांगणार नाही. मुलाखतीला दोन्ही न्यायचं.

२७ मे

काल पाऊस आला, मे महिन्यातच. वर्कशॉपच्या पत्र्यावर असा कोसळला की बोलणं ऐकू येईना. तयार जॉबना गंज धरू नये म्हणून सगळ्यांना तेल लावून ठेवलं.

आज एका मुलीचं खातं उघडेना. भावाबरोबर फोन सामाईक असलेली. भावानं नंबर बदलला, जुन्या नंबरचं रिचार्ज संपलं, आणि लॉगिनचा ओटीपी त्या जुन्या नंबरावर. तिचे सात जॉब त्यात. ती रडली नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. भाऊ संध्याकाळी जुनं सिम घेऊन आला, दुकानात जाऊन रिचार्ज मारलं, ओटीपी आला. चार दिवस उशीर झाला असता तर काय, हा विचार नको. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याला दिला जातो.

लगेच सगळ्यांचे बॅकअप कोड काढले. गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं, फोन नसला तरी त्यातला एक वापरून आत जाता येतं. ते छापून दहावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये, घरी. आणि प्रत्येकाला सांगितलं: दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तसं धोरण लागू आहे. तेव्हा दिवाळीला एकदा तरी उघडायचं, आणि त्याच दिवशी पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर ठेवायची.

१४ जून, शनिवार

वीसपैकी अठरा पूर्ण. दोघांचे राहिले. एक मार्चपासून घरच्या अडचणीमुळे रात्री कामाला जातो आणि वर्गात डुलक्या काढतो. त्याला परीक्षेनंतर वेळ देणार आहे. दुसऱ्याला यात रस नाही, तो वडिलांच्या गॅरेजमध्ये जाणार आहे. मी जबरदस्ती केली नाही. पण परवा तो एका बुलेटच्या क्लचचे फोटो काढून विचारत होता, “हे चालेल का मॅडम?” चालेल म्हटलं. हे तर सर्वांत आधी चालेल.

४ ऑगस्ट

परीक्षा झाली. आज जॉब पोत्यांत भरले. यावेळी मुलंच भरायला आली. पोत्यात टाकण्याआधी प्रत्येक जॉबचा नंबर पोर्टफोलिओशी ताडून बघितला, दोन राहिले होते त्यांचे फोटो तिथेच उकिडवं बसून काढले. वजन भरलं एकशे बारा किलो. तीन वर्षांत पहिल्यांदा मी ते वजन शांतपणे लिहिलं.

संध्याकाळी सगळ्यांना निरोप: मला एडिटर म्हणून काढा. आजपासून मी लिंक असलेल्या कुणाहीसारखी.

१० सप्टेंबर

कळव्याचा मुलगा १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली त्याच रबाळ्याच्या कारखान्यात लागला आहे. आज दुपारी सहज त्याची लिंक उघडली तर नवी स्लाइड. फोटो नाही, नुसता मजकूर:

‘आज पंपाचं कपलिंग अलाइन केलं. आत फोटोला परवानगी नाही आणि कंपनीचं ड्रॉइंग पण टाकायचं नाही. डायल इंडिकेटर आधी ०.३० दाखवत होता. शिमचा पातळ पत्रा घालून ०.०६ वर आणला. बोल्ट आवळल्यावर परत हलला. कारण मोटरचा एक पाय टेकतच नव्हता. फीलर घालून चारी पाय आधी बघायला पाहिजे होते. उद्या आधी ते बघणार.’

मूळ स्लाइडवर ‘अलाइन’ चुकीचं लिहिलं आहे. दुरुस्त करायला गेले तर करता येईना, त्यानं मला काढलेलं आहे. बाकीच्यांचं तपासलं. चौघांनी अजून मला काढलेलं नाही. त्यांना उद्या फोन करायचा आहे, आणि बॅकअप कोड घरी फाइलमध्ये आहेत ना तेही विचारायचं आहे.